ग्रो बॅगांचं परीक्षण: भाजीपाल्याची गच्ची देखणी हवी असेल तर 12×12 चा संच घेऊ नका

गच्चीवर भाजी लावायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिली खरेदी होते ती 12×12 इंची हिरव्या ग्रो बॅगांच्या, म्हणजे कुंडीऐवजी झाडं लावायच्या पिशव्यांच्या, दहाच्या संचाची. नेमकी हीच खरेदी टाळावी. दहा बॅगा ओळीने मांडल्या की बागेऐवजी रोपवाटिकेतला विक्रीचा साठा मांडल्यासारखं दिसतं. प्रत्येक बॅगेत एकच झाड उभं, खाली माती-खताचं मिश्रण उघडं, आणि मे महिन्यात सकाळी घातलेलं पाणी दुपारीच संपलेलं. दहा लहान बॅगांत जेवढं मिश्रण जातं, तेवढ्यात 24×9 इंची तीन बॅगा भरून थोडं उरतं. त्या तीन बॅगांत मात्र मधे उंच वांगं, भोवती लाल माठ, काठावरून ओघळणारा पानांचा ओवा असा खरा वाफा तयार होतो. भाजी जास्त निघते, पाणी कमी लागतं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते पाहायला छान वाटतं. म्हणून हे परीक्षण एचडीपीई (हाय डेन्सिटी पॉलिइथिलीन या टणक प्लास्टिकच्या) ग्रो बॅग या प्रकाराचं असलं तरी त्यातला भर आकाराच्या निवडीवर आहे. कंपनी कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा.

ही बॅग म्हणजे ताडपत्रीच्या जातीचं विणलेलं कापड, त्यावर पातळ प्लास्टिकचा थर आणि उन्हाने लवकर जीर्ण होऊ नये म्हणून मिसळलेलं यूव्ही संरक्षक. जाडी जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये सांगतात. 200 ते 220 जीएसएमची बॅग बाल्कनीतल्या अर्ध्या उन्हाला चालते. उघड्या गच्चीसाठी 260 च्या खाली जाऊ नये. बॅग हातात आली की तीन गोष्टी बघाव्यात: तळ आणि भिंत जोडणारी शिवण दुहेरी आहे का, मोठ्या आकाराच्या मुठी वरच्या काठालाच टाचल्या आहेत की पट्टी तळाखालून फिरवली आहे, आणि कापड खिडकीसमोर धरलं तर विणीतून प्रकाशाचे ठिपके दिसतात का. ठिपके दिसले तर थर पातळ आहे. अशी बॅग दोन उन्हाळ्यांत काठापासून पिंजते आणि तिचे प्लास्टिकचे धागे मिश्रणात पडत राहतात. आपण खायची भाजी पिकवतो आहोत, त्यामुळे याकडे डोळेझाक करू नये.

मापाच्या बाबतीत मोठी फसगत होते. एचडीपीईच्या गोल बॅगेवर 12×12 लिहिलं असेल तर पहिला आकडा व्यास आणि दुसरा उंची. पण साध्या पॉलिथिनच्या, काळ्या किंवा पांढऱ्या पिशव्यांची मापं बहुतेकदा सपाट पिशवीची असतात. 12 इंच रुंदीची सपाट पिशवी भरून गोल झाली की तिचा व्यास जेमतेम साडेसात इंच भरतो, आणि तळ पसरण्यात काही इंच उंचीही जाते. एकाच आकड्याच्या दोन वस्तूंपैकी एकीत दुसरीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी मिश्रण मावतं. भाव स्वस्त दिसतो तो यामुळे. तुलना नेहमी लिटरमागे करावी.

काठोकाठ भरल्यास 12×12 मध्ये सुमारे 22 लिटर मावतात, 15×15 मध्ये 43, 18×9 मध्ये 37, 24×9 मध्ये 67, 24×12 मध्ये 89 आणि 24×24 मध्ये 178. प्रत्यक्षात वरचे दीड-दोन इंच पाण्यासाठी रिकामे ठेवायचे असतात, तेवढे यातून वजा करावेत. माठ, पालक, मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला यांना सहा ते नऊ इंच खोली भरपूर झाली. मिरची, वांगं, भेंडी नऊ इंचांत येतात, बारा मिळाले तर उन्हाळा सुखाने काढतात. हळद, अळू, मायाळू, कारलं, दोडका यांना बारा इंच द्यावेत. कागदी लिंबाचं कलम, डाळिंब, कढीपत्ता आणि शेवगा यांना 24×24 शिवाय दुसरा आकार देण्यात अर्थ नाही. 12×12 ही बॅग एका मिरचीला किंवा एका तुळशीला पुरते. वेलाला ती दिली की वेल चार फूट जाऊन पिवळा पडतो, आणि दोष बियाण्याला दिला जातो.

मग 9×9? ती बॅग रोपं तयार करण्यापुरतीच.

बहुतेक बॅगांना तळाजवळ दोन किंवा चार भोकं आधीच असतात. दोन भोकं पुरत नाहीत. 24 इंच व्यासाला किमान आठ हवीत: चार तळाला, चार बाजूच्या भिंतीत तळापासून अर्धा इंच वर. बाजूची भोकं महत्त्वाची, कारण तळाची भोकं फरशीला टेकून बुजतात. कात्रीने भोक पाडलं तर वीण उसवत जाते. तापवलेली सळई किंवा सोल्डरिंग गन वापरावी, म्हणजे कडा वितळून तिथेच पक्की होते. भोक 8 ते 10 मिलिमीटरचं असावं. हे काम उघड्या हवेत करावं, धूर नाकात जाऊ देऊ नये. भोकावर विटेचा तुकडा किंवा नारळाच्या शेंडीचा गोळा ठेवला की पाणी जातं आणि मिश्रण राहतं.

बॅग थेट गच्चीवर कधीच टेकवू नये. आपल्याकडच्या जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर विटांचा कोबा आणि वर चायना मोझॅक असतं. बॅगेखाली ते सतत ओलं राहिलं की सांध्यांत मुळं शिरतात, आणि गळती सुरू झाली की सोसायटीत पहिला दोष बागेवर येतो. चार विटा किंवा लोखंडी स्टँड देऊन बॅग दोन-तीन इंच उचलावी. खालून वारा खेळला पाहिजे आणि झाडूही फिरला पाहिजे. मिश्रणातल्या कोकोपीटमधून, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशातून, सुरुवातीला तपकिरी पाणी झिरपतं आणि फिकट फरशीवर त्याचे डाग बसतात. पहिले पंधरा दिवस खाली तबक ठेवावं आणि मग ते काढून टाकावं. तबकात साचलेलं पाणी म्हणजे मुळांची कूज आणि डासांची सोय.

वजनाचा हिशेब कागदावर करूनच खरेदी करावी. एक तृतीयांश माती असलेलं मिश्रण पूर्ण भिजल्यावर लिटरला साधारण एक किलो किंवा थोडं जास्त भरतं. म्हणजे 24×9 ची एक बॅग 60 ते 65 किलोची. आयएस 875 या भारतीय मानकानुसार माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 150 किलो भार धरलेला असतो. बॅगेच्या अगदी खालचा भार त्याहून जास्त पडतो, म्हणून 24×9 च्या दर बॅगेमागे किमान सहा चौरस फूट जागा धरावी आणि बॅगा शक्यतो खालच्या तुळयांच्या रेषेत मांडाव्यात. बाल्कनी बाहेर झुकलेली असेल तर जड बॅग घराच्या भिंतीलगत, हलक्या कुंड्या कठड्याकडे. 48×24×12 च्या चौकोनी वाफ्यात सव्वादोनशे लिटर मावतात. तो घेण्याआधी इमारतीच्या अभियंत्याला विचारावं. जुन्या इमारतीत तर 24 इंची बॅगांसाठीही विचारावं. या चौकोनी वाफ्याला पीव्हीसी पाइपची चौकट नसेल तर लांब भिंती पोटासारख्या फुगतात आणि सहा महिन्यांत शिवण सुटते. दिसायला तो सुंदर, पण चौकटीशिवाय घेऊ नये.

आता मिश्रण. एका 24×9 बॅगेला मोजून 20 लिटर माती, 20 लिटर नीट कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, 15 लिटर भिजवलेलं कोकोपीट, 5 लिटर भाताचं तूस आणि 200 ग्रॅम निंबोळी पेंड. लाल माती किंवा पोयटा चालेल. निव्वळ काळी माती नको. ती पावसाळ्यात चिखल होऊन बसते आणि उन्हाळ्यात आकसून बॅगेच्या भिंतीपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं आणि झाड कोरडंच राहतं. कोकोपीटचा 5 किलोचा ठोकळा भिजल्यावर 65 ते 75 लिटर होतो, म्हणजे एका ठोकळ्यात चार बॅगा आरामात निघतात. ठोकळा वापरण्याआधी धुणं ही पायरी अनेक जण गाळतात आणि नंतर घेवड्याच्या पानांच्या कडा का करपल्या याचं कारण शोधत बसतात. नारळाच्या काथ्यात क्षार असतात. ठोकळा 25 लिटर पाण्यात भिजवावा, पिळून पाणी फेकावं, आणि पाणी गडद तपकिरी दिसायचं थांबेपर्यंत असं दोन-तीनदा करावं. आकाराला थोडं मोठं पिंप किंवा टब लागतो एवढंच.

मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर प्लास्टिकच्या पिशव्या आणि पिंपांत उसाचं चिपाड भरून भाज्या आणि फळझाडं घेतली. वर कंपोस्ट आणि जेमतेम माती, अशी ती पद्धत. वजनाच्या दृष्टीने ती आजही सरस आहे. फक्त एक लक्षात ठेवावं: ताजं चिपाड किंवा कोरडा पाला कुजताना मिश्रणातला नत्र ओढून घेतो. पहिले दीड-दोन महिने झाडं फिकट पिवळी दिसतात ती त्यामुळे. उपाय सोपा आहे. चिपाड किंवा पाला तळाच्या तिसऱ्या हिश्श्यातच भरावा, वर खत-मातीचं मिश्रण द्यावं आणि पहिलं पीक चवळीसारखं द्विदल घ्यावं. कोणतंही मिश्रण असलं तरी पहिल्या पावसाळ्यात ते दीड-दोन इंच खचतं. गणपतीनंतर वरून गांडूळखताने भर घालावी.

भरलेल्या बॅगेत काय आणि कसं लावायचं, यात या आकाराचं खरं सौंदर्य आहे.

सहा तास ऊन असलेल्या जागी मधोमध एक जांभळं वांगं किंवा दोन ज्वाला मिरच्या. भोवती लाल माठाचं बी राखेत मिसळून पातळ पेरावं. 25 ते 30 दिवसांत तो उपटून भाजीला घ्यायचा, तोवर वांगं मोठं झालेलं असतं आणि त्याला जागा मोकळी होते. काठावर एका बाजूला पानांचा ओवा. तो बॅगेची कड झाकत खाली लोंबतो आणि भज्यांना हवा तेव्हा हाताशी असतो. दुसऱ्या बाजूला बुटका झेंडू, रंगासाठी आणि मुळांवरच्या सूत्रकृमींना आळा म्हणूनही. गडद लाल, जांभळा, राखाडी हिरवा आणि केशरी, हे चार रंग एका बॅगेत आले की तिथे शोभेची वेगळी कुंडी ठेवायची गरज पडत नाही.

सावलीकडच्या, तीन-चार तास उन्हाच्या जागेला 24×12 घ्यावी आणि तिथे अळू आणि हळद एकत्र लावावी. वडीचं अळू, म्हणजे काळपट जांभळ्या देठाचं, याचे तीन कंद त्रिकोणात. मधल्या जागेत कोंब आलेले हळदीचे तीन तुकडे, मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला, दोन इंच खोल. श्रावणापर्यंत हळदीची पानं पातोळ्यांना पुरतील एवढी होतात, आणि अळूची रुंद पानं आणि हळदीची उभी पानं शेजारी शेजारी इतकी शोभतात की घराच्या दारापाशी ठेवायला हाच जोड सर्वांत चांगला. हळद जानेवारी-फेब्रुवारीत पानं वाळल्यावर काढावी. नोव्हेंबरपासून पानं पिवळी पडायला लागतात. ते दुखणं नव्हे, पीक तयार होण्याची खूण आहे, तेव्हा पाणी हळूहळू कमी करावं. पुदिना मात्र या बॅगेत घालू नये. त्याचे धावते कोंब चार महिन्यांत सगळीकडे पसरतात. त्याला वेगळी उथळ बॅग, 18×9.

एक इशारा इथेच. कॅलॅडियम, अलोकेशिया, डिफेनबॅकिया ही शोभेची झाडं पानांनी अळूसारखी दिसू शकतात आणि ती खाण्याची नाहीत. घरात लहान मुलं किंवा नवखी मदतनीस असेल तर खायचं अळू आणि ही झाडं एका कोपऱ्यात ठेवूच नयेत. खायच्या अळूतही खाज आणणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, म्हणून ते चिंच घालून नीट शिजवायचं असतं. रोपवाटिकेतून फुलावर आलेली झाडं आणली तर त्या पहिल्या बहराची फुलं खाण्यात वापरू नयेत, कारण शोभेच्या रोपांवर अंतर्प्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं, कीटकनाशक मारलेलं असू शकतं.

वेलांसाठी बॅगेतच काठी रोवू नये. वारा आला की काठी मिश्रण हलवते आणि मुळं तुटतात. मांडव किंवा जाळी कठड्याला किंवा वेगळ्या चौकटीला बांधावी. लाल देठाचा मायाळू आणि निळी गोकर्ण एका जाळीवर फार छान जमतात. मायाळूचे शेंडे खुडत राहिलं की फुटवे येतात आणि जाळी खालपासून भरते. गोकर्णीची फुलं चहाला किंवा भाताला निळा रंग देतात. तिच्या शेंगा आणि मुळं खायची नाहीत. मायाळूची पिकलेली जांभळी फळं फरशीवर पडली तर डाग पडतात, ती वेळीच तोडावीत. दोडका किंवा दुधी लावला आणि इमारत उंच असली तर मधमाश्या कमी येतात, कळ्या पिवळ्या पडून गळतात. नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाच्या टोकाला लावावा. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात, कारलं सकाळी, त्याप्रमाणे वेळ धरावी.

गवती चहाला स्वतंत्र 15×15 द्यावी. पश्चिमेकडे अशा तीन-चार बॅगा उभ्या केल्या की मऊ हिरवी भिंत तयार होते आणि मागच्या बॅगांच्या भिंतींवर दुपारचं ऊन थेट पडत नाही. पानांच्या कडा कापतात, म्हणून वाटेच्या अगदी कडेला नको. दोन वर्षांत बॅग मुळांनी गच्च होते, तेव्हा ठोंब फोडून नव्याने लावावा.

बॅगेच्या रंगाबद्दल कुणी बोलत नाही, पण बागेच्या रूपावर त्याचा परिणाम मोठा आहे. बाजारातल्या झगझगीत हिरव्या रंगापुढे पानांचा हिरवा मळकट दिसतो. विटकरी, तपकिरी किंवा पांढरट बाहेरचा भाग घ्यावा. पांढरट बॅग विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात मुळांना थंडही ठेवते. तिच्यावर चिखलाचे शिंतोडे दिसतात हे खरं, पण वर वाळलेल्या पानांचं दोन इंच आच्छादन असेल तर शिंतोडे उडतच नाहीत. सगळ्या बॅगा एका रंगाच्या असाव्यात. वरचा काठ दोन इंच बाहेर दुमडला की तो मजबूत होतो आणि बॅग नेटकी, गोल उभी राहते. भरण्याआधीच दुमडावा, नंतर जमत नाही.

पाणी: 24×9 ला मे महिन्यात रोज 4 ते 5 लिटर, थंडीत त्याच्या निम्मं, तेही बोट दोन इंच आत घालून कोरडं लागलं तरच. ठिबक बसवायचं तर बॅगेमागे ताशी 2 लिटरचे दोन ड्रिपर, 16 मिलिमीटरच्या नळीवरून. हिशेबाने तासाभरात 4 लिटर पडतात. प्रत्यक्षात गच्चीवरच्या टाकीची पातळी ड्रिपरपेक्षा दोन मीटरच वर असते. तेवढ्या दाबाला साधे ड्रिपर निम्म्याहून कमी पाणी देतात आणि संच निकामी आहे असा समज होतो. एक ड्रिपर बाटलीत सोडून दहा मिनिटं मोजावं आणि वेळ त्यानुसार वाढवावी. टोमॅटोच्या तळाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो बहुधा पाण्याच्या अनियमितपणामुळे. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर, असं झालं की झाडाला कॅल्शियम फळापर्यंत पोचवता येत नाही.

जुलैत उलट तक्रार असते. कोकण-मुंबईच्या सलग पावसात माठ आणि कोथिंबिरीची कोवळी रोपं बुडाशी सडून आडवी पडतात. या दिवसांत पालेभाजीच्या बॅगा छपराखाली घ्याव्यात, किंवा सरळ अळू, हळद, मायाळू आणि काकडीवर भर द्यावा. वांगं, मिरची, टोमॅटो एकाच बॅगेत पाठोपाठ घेतले तर मर रोग येतो. मधे एकदा तरी पालेभाजी किंवा चवळी घ्यावी. चवळीच्या शेंड्यांवर मावा आला तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 1-2 मिली सौम्य साबणाचं द्रावण, सूर्य मावळल्यावर, पानाच्या खालच्या बाजूने. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

कापडी, नमद्यासारख्या जिओटेक्सटाइल बॅगांशी तुलना होतेच. त्यांत मुळं भिंतीपाशी हवा लागून थांबतात, गोल गोल फिरत नाहीत, त्यामुळे लिंबू आणि अंजिरासाठी त्या एचडीपीईहून चांगल्या. पण त्या चहूबाजूंनी सुकतात. पुण्या-नागपूरच्या एप्रिलमध्ये त्यांना दिवसातून दोनदा पाणी लागतं आणि बाहेरून क्षारांचे पांढरे पट्टे उठतात. मातीच्या कुंडीचं रूप कशालाच नाही, पण 24 इंची कुंडी रिकामीच इतकी जड की गच्चीवर ती एकदोनच असावी. कापलेलं निळं पिंप सर्वांत टिकाऊ आहे. मात्र आधी त्यात कोणतं रसायन होतं हे खात्रीने कळत नसेल तर खाण्याच्या झाडांसाठी ते घेऊ नये.

चार जणांच्या घराने सुरुवात करताना 24×9 च्या तीन, 24×12 ची एक वेलांसाठी आणि एक अळू-हळदीसाठी, 18×9 ची एक पुदिन्याला आणि 15×15 ची एक गवती चहाला, एवढंच घ्यावं. कढीपत्ता किंवा लिंबू दुसऱ्या वर्षी.

बॅग चार-पाच वर्षांनी बदलावी लागते आणि ती सांगूनच जाते. दुमडलेल्या काठावर नख घासलं की पांढरी पूड निघते. तशी निघाली तर पुढच्या उन्हाळ्याची वाट न पाहता हिवाळ्यातच बदल करावा, कारण पूर्ण जीर्ण बॅग उचलताना तुकडे होऊन मिश्रणात मिसळते. दोन दिवस पाणी बंद ठेवावं, भिंत वरपासून खालपर्यंत एका बाजूने चिरावी, गोळा अख्खा सरकवून नव्या बॅगेत बसवावा आणि कडेची फट गांडूळखताने भरून घ्यावी.